दगड लेव्हलचा, पाटी मध्यबिंदूची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला युक्रेनमधल्या दिलोवे गावावरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, त्याबद्दल अभिनंदन. पण '1887 साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी युरोपचा अचूक मध्यबिंदू इथेच शोधून काढला' हे वाक्य वाचून चहा गार झाला. उभी हयात लेव्हल घेण्यात, म्हणजे जागोजागची उंची मोजण्यात, घालवलेल्या माणसाला असली वाक्ये पचत नाहीत.

तो दगड व्हिएन्नाच्या लष्करी भूगोल संस्थेने बसवला, हे खरे. पण बसवला तो पातळीमापनाची पक्की खूण म्हणून, म्हणजे आमच्या भाषेत बेंचमार्क. त्यावरच्या लॅटिन मजकुरात युरोपच्या मध्याचा उल्लेखच नाही. त्याच कामातला एक दगड हंगेरीत नादाप इथे 1888 सालचा आहे आणि दुसरा चेकियात लिशोव्हला 1889 सालचा. मग युरोपला एकाच साम्राज्यात इतके मध्य होते म्हणायचे का? पुढे सोव्हिएत काळात, 1977 मध्ये, शेजारी उंच स्तंभ उभारून या समजुतीवर सरकारी शिक्का मारला गेला. लिथुआनिया म्हणते मध्य व्हिल्नियसजवळ, पोलंड सुखोवोलाचे नाव घेते. युरोपची हद्द कुठून कुठे धरायची, कुठली बेटे मोजायची, यावर मध्य सरकतो. लेखकांना याची गंधवार्ताही नाही.

आता मला राग का आला, तेही सांगतो. मी नागपूरचा. आमच्या झिरो माइल या स्मारकाचीही नेमकी हीच कथा. तिथला तो छोटा दगड ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या भारताच्या मोजणीचा, 1907 सालचा स्टँडर्ड बेंचमार्क. समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट. उंची सांगणारा दगड! पण शेजारी खांब आणि चार घोडे उभे आहेत ना, मग झाला 'भारताचा मध्यबिंदू'. आमच्या नातीला शाळेच्या प्रश्नमंजूषेत हाच प्रश्न आला. तिने बाणेदारपणे उत्तर दिले, 'झिरो माइल हा मध्यबिंदू नाही, बेंचमार्क आहे.' परीक्षकांनी शून्य गुण दिले, वर 'आजोबांना विचारून ये' असा टोमणा. आजोबांनीच सांगितले होते हो! मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, तर बाईंनी पुरावा म्हणून माझ्यापुढे वर्तमानपत्राचे कात्रण ठेवले. कुठल्या वर्तमानपत्राचे, ते लिहीत नाही. आपण सुज्ञ आहात. (हल्ली मध्य प्रदेशातल्या करौंदीचेही नाव घेतात. पोरीने तेही सांगितले असते, पण घंटी वाजली.)

दिलोवेबद्दल सांगण्यासारखे थोडे का आहे? राखिव शहराच्या खाली, तिसा नदीच्या काठाला, कार्पेथियन डोंगरांत चिमटलेले गाव, पलीकडे रोमानिया. पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीच्या राज्यात, मग चेकोस्लोव्हाकियात, मार्च 1939 मध्ये पुन्हा हंगेरीकडे, 1945 साली सोव्हिएत संघात आणि 1991 पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये. एखाद्या म्हातारीने उंबरठा न ओलांडता इतकी सरकारे पाहिली असतील. गावाचे जुने नाव त्रेबुशानी. तिथल्या डोंगरात संगमरवराच्या खाणी आहेत. आणि युद्ध चालू असतानाच, जानेवारी 2023 मध्ये, राखिवहून याच बाजूने रोमानियातल्या वालेया विशेउलुईपर्यंत कित्येक वर्षे बंद असलेली रेल्वे पुन्हा सुरू झाली. ही खरी बातमी! ती तुमच्या लेखात एका ओळीचीही धनी नाही. तिथल्या उपाहारगृहाच्या सूपला मात्र आख्खा परिच्छेद. सूप चांगलेच असेल, माझी हरकत नाही.

आणखी एक. झिरो माइलबद्दल मागे मी आपल्याला सविस्तर पत्र पाठवले होते. आपण छापलेत, आभार. पण त्यातला बेंचमार्क कापून 'नागपूरकरांना या वारशाचा अभिमान आहे' एवढेच ठेवलेत. तसे वाक्य मी लिहिलेच नव्हते. या वेळी जागा कमी पडली तर स. न. वि. वि. कापा, 1020.171 कापू नका. आणि दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापा. निविदांच्या जाहिरातींखाली नको.

आपला,
एक सेवानिवृत्त भूमापक, धरमपेठ, नागपूर