डिस्चार्ज दहाला, कॉट रिकामी चारला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात बेड मिळत नाही ही ओरड बारमाही आहे आणि बेड वाढवा हे त्यावरचे ठरलेले उत्तर. बेड वाढायला हवेतच. पण आहेत त्या कॉटवर दुपारभर कोण बसलेले असते, तेही पाहावे. पिशव्या भरून डिस्चार्ज कार्डाची वाट बघणारा, बरा झालेला पेशंट. त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत दुसरा स्ट्रेचरवर ताटकळतो.

घोळ असा होतो. नऊ-दहाच्या राउंडला मोठे डॉक्टर 'आज सोडा' म्हणतात आणि पुढच्या कॉटकडे वळतात. कार्ड निवासी डॉक्टरांनी लिहायचे. ते राउंड संपताच ओपीडीत नाहीतर ऑपरेशन थिएटरात अडकतात. कार्ड नाही म्हणून फाईल बिलिंगला जात नाही. ती गेली की कळते, उरलेली इंजेक्शने फार्मसीला परत केलेली नाहीत, सोनोग्राफीचा रिपोर्ट फाईलला लागलेला नाही. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळत नाही हे भरतीच्या दिवशीच आरोग्यमित्राकडे (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) तपासले नाही, तर ते नेमके जाताना उपटते. चंदगड इथून शंभर किलोमीटरच्या पुढे. चारला सुटलेला पेशंट टाके घेऊन रात्री गावात पोहोचतो.

विमा कंपन्यांना दोष देणे सोपे आहे. विमा नियामक 'इर्डा'च्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी लागते. उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा. पण हे घड्याळ रुग्णालयाची मागणी गेल्यावर सुरू होते. ती दोनला गेली, तर पाच वाजणारच.

उपाय आदल्या संध्याकाळचा आहे. संध्याकाळच्या राउंडला उद्या जाऊ शकतील अशांची यादी करावी, पेन्सिलनेच. रात्री ताप आला तर खोडता येते. कार्डाचा मसुदा तेव्हाच तयार ठेवावा, सकाळी फक्त त्या दिवसाचे बीपी, ताप आणि बदललेले औषध भरावे. उरलेली औषधे रात्रपाळीच्या सिस्टरनी सातपूर्वी परत करावीत. नातेवाइकांना संध्याकाळीच निरोप द्यावा, म्हणजे गाडी आणि पैसे दोन्हींची तजवीज होते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की गगनबावड्याकडचा रस्ता सुरू आहे का, हेही विचारून घ्यावे.

घाईत सर्वांत जास्त मार खाते ते औषध समजावणे. कार्डावर '१-०-१' असते. त्यातला मधला शून्य म्हणजे दुपार, हे सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही. शुगरची घरातली जुनी गोळी आणि कार्डावरची नवी, कंपनी वेगळी पण औषध एकच. घरी दोन्ही सुरू राहतात, साखर कोसळते आणि पेशंट परत भरती. म्हणून घरच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगावे आणि बंद करायच्या पट्ट्यांवर समोरच फुली मारावी. मग उलटे विचारावे, 'मावशी, सांगा बघू, उपाशीपोटी कुठली?' नुसत्या मान डोलावण्यावर विसंबू नये. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात गोठले की फेकायचे.

पेशंट गेला तरी बेड लगेच तयार होत नाही. गादी आणि रेलिंग आधी साबणपाण्याने पुसून मगच १ टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक लावावे, कारण मळावर त्याचा जोर चालत नाही. ५ टक्क्यांच्या द्रावणाच्या एका भागात चार भाग पाणी, रोज नवे, झाकून ठेवलेले. दहा मिनिटे ओले राहू द्यावे, नंतर रेलिंग साध्या पाण्याने पुसावे, नाहीतर गंज धरतो. गादीचे रेक्झिन फाटले असेल तर ती गादी बदलावी, आत मुरलेले पुसून निघत नाही.

आमची सूचना एवढीच : प्रत्येक वॉर्डात एक वही ठेवून चार वेळा टिपाव्यात. डॉक्टरांनी 'सोडा' म्हटले ती, कार्ड झाले ती, बिल झाले ती आणि पेशंट दाराबाहेर पडला ती. दोन आठवड्यांनी वही उघडावी. पहिल्या दोन वेळांत अंतर मोठे निघाले तर डॉक्टरांशी बोलावे, कार्ड आणि बिलाच्या वेळांत निघाले तर बिलिंगशी आणि शेवटच्या दोनांत निघाले तर व्हीलचेअर किती आहेत ते मोजावे.

– वॉर्डात काम करणारे काही जण, कोल्हापूर