अक्का, तुमच्या ‘तर्वाता?’ला

प्रिय अक्का,

हे पत्र तुम्हाला तुमची नात वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय, घाई करायची नाही. अक्कांच्या हातात विडी असेल तर दोऱ्याची गाठ बसेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढची ओळ वाचायची. पत्र घरच्या घरी न देता चारचौघांत लिहितेय, कारण जे चारचौघांत बोलायला हवं होतं ते त्या दिवशी माझ्याकडून राहून गेलं.

हिराचंद नेमचंद वाचनालयात माझ्या कथांच्या पुस्तकाचं प्रकाशन झालं, तेव्हा मी प्रकाशकांचे आभार मानले, मुखपृष्ठ काढणाऱ्या मुलाचे मानले, खुर्च्या मांडणाऱ्यांचेही मानले. तुम्ही मागून तिसऱ्या रांगेत बसला होता. त्या दिवसाचा विड्यांचा माल बुडवून आला होता. आणि मी तुमचं नाव घेतलं नाही. विसरले नव्हते, अक्का. नाव घेतलं असतं तर मला पुढं बोलता आलं नसतं, आणि माईकसमोर रडायची मला लाज वाटली. लाज वाटायला नको होती. आता नीट सांगते.

ज्यांनी सोलापूरचा पूर्व भाग पाहिला नाही, त्यांना आधी आपला बोळ दाखवायला हवा. दोन्ही बाजूंना लूम. कुठं चादर, कुठं टॉवेल. सकाळपासून असा खडखडाट की समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेली माणसंसुद्धा हातवारे करून बोलायची. पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, हे बहुतेक घरांचं ठरलेलं. बोली तेलुगू. तेलंगणातून विणकर म्हणून आलेल्या पद्मशाली लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. मराठी आली ती शाळेतून, बाजारातून, आमच्या मार्कंडेय देवाच्या रथासमोर जमलेल्या गर्दीतून.

२००५ साल. मी नववीत होते. ‘माझी आई’ या विषयावर निबंध होता. आई पहाटे उठून पानं कशी कापते, सूप मांडीवर घेऊन कशी बसते, हे मी लिहिलं. त्यात एक तेलुगू शब्द होता, कारण त्या गोष्टीला आमच्या घरात दुसरा शब्दच नव्हता. वर्गावरच्या बाईंनी तो शब्द वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवला. पोरं हसली. मग त्या म्हणाल्या, “घरात तेलुगू बोलता, तर मराठीत लिहायचा खटाटोप कशाला?” त्यांच्याबद्दल माझ्या मनात आता राग नाही. पण त्या वाक्यानं माझं काय झालं ते मी लिहायलाच हवं, नाहीतर तुम्ही काय केलंत ते कुणाला कळणार नाही. मी घरी आले ती मराठी बंद करूनच. वही फाडायला ओट्यावर बसले होते.

लाईट गेली होती. तेव्हा भारनियमन भारी होतं. लाईट गेली की लूम थांबायचे आणि अख्ख्या बोळाला एकदम ऐकू यायला लागायचं. तुम्ही शेजारच्या ओट्यावरून विचारलंत, “काय फाडूलालीस गं? आधी वाच की.”

मी वाचलं. रडत वाचलं. तुमचे हात चालूच होते. निबंध संपला तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, “तर्वाता?”

मग पुढं?

मी म्हटलं, “संपला.” तुम्ही म्हणालात, “संपला कसा? तुझी अम्मा कारखान्यात गेली की नाही? माल दिला की नाही? छाट किती निघाली?” ते मी लिहिलंच नव्हतं. निबंधात ते कुणी लिहीत नाही. त्या रात्री चिमणीच्या उजेडात मी पुढचं लिहिलं. अम्मा रांगेत उभी राहते. मोजणारा माणूस कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, उचलतो, वास घेतो, दोन विड्या चिमटीत दाबून बघतो आणि बाजूला टाकतो. टाकलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. परत येताना अम्मा कुणाशी बोलत नाही. लिहून झालं तेव्हा मला कळलं की आता तो निबंध उरला नव्हता. माझी पहिली गोष्ट ती. अक्का, तुम्ही त्या शब्दावर हसला नाहीत, एवढंच नाही. तो शब्द कानाला खटकण्यासारखा आहे हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. तुम्हाला फक्त पुढं काय झालं ते हवं होतं.

त्यानंतर आपलं ठरूनच गेलं. लाईट गेली की मी वही घेऊन तुमच्या ओट्यावर. दुसऱ्या घरांतल्या बायकाही सूप उचलून यायच्या. “चेप्पु बिड्डा,” सांग पोरी, असं तुम्ही म्हणायचात, आणि मी सुरू करायचे. तुम्ही कधी ‘छान’ म्हणाला नाहीत. मी वाट बघायचे, पण नाही. गोष्ट लांबली, तिच्यात पाणी झालं, की तुम्ही तंबाखू चाळायला घ्यायचात. गोष्ट धरून ठेवणारी असली की बोटांचा वेग कमी व्हायचा. विडीवाल्या बाईच्या बोटांचा वेग कमी होणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती दाद कळेल. हजार विड्या झाल्याशिवाय दिवस भरत नाही. तुमचं एकेक मिनिट मोजलेलं होतं आणि त्यातली काही तुम्ही माझ्या वाक्यांवर घालवलीत.

तुम्ही दिलेली सगळ्यात मोठी शिकवणही तिथलीच. दहावीत मी एका विडी कामगार बाईची गोष्ट लिहिली. तिचा नवरा दारू पितो, तिला खोकला आहे, मूल आजारी, घरात दिवा नाही. मला वाटलं, तुम्ही सगळ्या रडणार. वाचून झालं. तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग म्हणालात, “ही बाई कधी हसतच नाही का गं? आम्ही विड्या वळताना केवढं हसतो.” आणि मग, “कट्टा पंचवीसचा असतो. तू वीसचा लिहिलास.”

अक्का, पुढं मी कथालेखनाच्या शिबिरांना गेले, मोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली. पण लिहिताना कुठं अडले की मला तुमचं तेच वाक्य आठवतं. मी ज्यांच्यावर लिहिते त्यांच्या दुःखाकडं बोट दाखवून मोठी होऊ नये, त्यांचं हसूही लिहावं आणि त्यांचा हिशेबही बरोबर लिहावा. ती गोष्ट मी सहा वेळा लिहिली. आता पुस्तकात आहे तिच्यात ती बाई पहिल्याच पानावर पोट धरून हसते.

आणि पेन. तेही सांगायलाच हवं. त्या वर्षी संक्रांतीला तुम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेला, गेला होता, नंदीध्वज बघायला. नातवंडांना पाळण्यात बसवलंत आणि मला शाईचं पेन आणलंत. तुम्हाला लिहिता येत नाही, मग ते चालतं की नाही हे कसं बघायचं? तुम्ही दुकानदाराला माझं नाव लिहायला लावलंत. तो कपटा पेनाभोवती गुंडाळून, वर विडीचा दोरा बांधून माझ्या हातात दिलात. गाठ तीच, विडीची. पेन केव्हाच मोडलं. कपटा आणि दोरा माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मग २००६ साली तुमचं कुंभारीला घर झालं. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली ती गोदूताई परुळेकर यांच्या नावाची वसाहत, १०,००० घरांची. तुम्ही किल्ली दाखवायला आला होता तेव्हा अख्खा बोळ तुमच्या दारात होता. मला आनंद झाला आणि आतून तुटलंही. ओटा गेला. पण सुट्टीच्या दिवशी मी अक्कलकोट रोडची बस धरायचे आणि वही तुमच्याकडं यायचीच. विडी कामगारांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती मला मिळाली, त्यात कॉलेज झालं. दोन-चार गोष्टी छापूनही आल्या.

आणि मग बंद पडलं. अप्पा ज्या लूमवर होते तो कारखाना मालकानं विकला. अप्पा घरी बसले. मी टॉवेलच्या एका ऑफिसात बिलं लिहायला लागले. एका दिवाळी अंकाकडून कथा परत आली, दुसऱ्याकडून उत्तरच आलं नाही. मी कुणावर रुसले नाही, नुसती थकले. तीन वर्षं एक ओळ लिहिली नाही. तुमच्याकडं येणंही कमी केलं, कारण तुम्ही ‘तर्वाता?’ विचारलंत तर माझ्याकडं पुढचं काही नव्हतं.

त्या काळात एकदा आले. तुमच्याकडं नवी शेजारीण बसली होती. तिनं विचारलं, ही कोण. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “ही आमची लिहिणारी पोरगी.”

लिहिणारी. ‘लिहायची’ नाही, ‘लिहीत होती’ नाही. मी तीन वर्षं लिहिलेलं नाही हे तुम्हाला माहीत होतं, तुमच्यापासून काय लपणार. तरी तुम्ही ते असं म्हणालात, जसं कुणी म्हणावं, ही उंच आहे, ही डावखुरी आहे. त्या बाईनं मान डोलावली आणि मला चहा ओतला. समजावणं नाही, शपथा नाहीत, ‘तू करून दाखवशील’ वगैरे काही नाही. परतीच्या बसमध्ये मी तिकिटाच्या मागं दोन ओळी लिहिल्या. त्या ओळींची कथा या पुस्तकात चौथी आहे.

लोक मला विचारतात, उमेद कुठून मिळते. मी आजवर पुस्तकांची नावं सांगत आले. खरं उत्तर हे होतं. माझ्यावरचा माझा विश्वास संपला होता तेव्हा मी तुमच्या विश्वासावर लिहिलं. उसना घेतलेला होता तो. तुम्ही तो कधी मागितला नाहीत, आणि दिलाय असंही कधी बोलून दाखवलं नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. खानदेशात बहिणाबाई म्हणून एक बाई होऊन गेल्या, बहिणाबाई चौधरी. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या ओव्या रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि त्यांच्या मावसभावानं त्या ओव्या ऐकून कागदावर उतरवल्या. बहिणाबाई गेल्या १९५१ च्या डिसेंबरात. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले, त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली पुस्तक आलं. आज अख्खा महाराष्ट्र त्या ओळी म्हणतो. कॉलेजात हे शिकले तेव्हा सगळ्यांना अत्र्यांचं मोठेपण भावलं, आणि ते होतंच. माझ्या डोक्यात मात्र दोन गोष्टी राहिल्या. एक, अत्र्यांच्या कितीतरी आधी घरात कुणीतरी कान देऊन ऐकत होतं, हातात पेन्सिल घेऊन. ते ऐकणं नसतं तर अत्र्यांपुढं ठेवायला वहीच नसती. आणि दुसरी, कौतुकाचे मोठे शब्द आले तेव्हा ते ऐकायला बहिणाबाई नव्हत्या.

म्हणून मी थांबणार नाही, अक्का. तुमचा खोकला वाढलाय, तंबाखूची धूळ चाळीस वर्षं तुमच्या छातीत जातेय. मला हे तुमच्या कानांवर घालायचं आहे, तुमचे कान ठणठणीत आहेत तोवर. माझ्या पुस्तकातली मराठी तुमच्या ओट्यावर घडली. माझा पहिला वाचक वाचू शकत नव्हता आणि त्याच्याइतका चांगला वाचक मला अजून भेटलेला नाही. मी तुमची ऋणी आहे. हे ऋण फिटावं असं मला वाटत नाही.

प्रकाशनानंतरच्या रविवारी मी पुस्तक घेऊन आले होते ते आठवतं? तुम्ही हात पुसलेत, पुस्तक सुपातच ठेवून घेतलंत आणि अंगठ्यानं पानं मोजायला लागलात. तोंडानं आकडे, तेलुगूत. पंचवीस झाली की एक बोट मिटायचं. मी आणि तुमची नात बघत बसलो. शेवटी म्हणालात, “तीन कट्टे आणि वर नऊ.” मी हसले. तुम्ही हसला नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, “हजाराला चाळीस कट्टे लागतात, बिड्डा.”

सदतीस राहिलेत, अक्का, त्यातही नऊ पानं कमी. या रविवारी दुपारी येते. नवी गोष्ट अर्धी झाली आहे. त्यातली म्हातारी रथाच्या दिवशी घर सोडून निघते आणि अशोक चौकात येऊन थांबते. तिथून ती कुठं जाते ते मला अजून कळलेलं नाही. वाचून दाखवते, मग तुम्ही विचारा.

तुमची,
लिहिणारी पोरगी