बदामाच्या पिठाचे बिबडे

फ्रेस्नो, 6 जुलै

ती. आई आणि अप्पांना सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. वजन उतरलेलं नाही. व्हिडिओत चेहरा लांबट दिसतो तो माझ्या स्वस्तातल्या फोनमुळे. ऊन चाळिशीच्या वर आहे, पण अमळनेरचा मे काढलेल्या माणसाला त्याचं काय! ऑफिसचं नेहमीचंच, तुला माहीत आहे.

फोनवर तू "जेवना का?" विचारतेस आणि मी तोंड उघडेपर्यंत अप्पा फोन ओढून घेतात. म्हणून हे पत्र, आणि सोबत डबा. ऑफिसातला एक जण जळगावला येतोय, तो आणून देईल.

सोनीनं तुला सांगितलं की माझ्या नव्या घरात पोळी करायला बंदी आहे, आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस म्हणे. अगं, बंदी गव्हाच्या पिठाला आहे, मला नाही. मी रोज ज्वारीची भाकरी खातो. पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं, जुनं असतं, भाकरीला चिरा पडतात, पण मिळतं.

आता बंदी का, ते नीट सांगतो. खापरावर टाकायच्या आधी तू मांडा हातावर खेळवतेस, तो कोपरापर्यंत उतरतो तरी फाटत नाही. गव्हाच्या कणकेला जी तार येते ना, ती ग्लूटेनमुळे. घरमालकीणबाईंना तेच बाधतं, आतड्याला इजा होते. त्या आजाराला सिलिअॅक म्हणतात. गहू, जव आणि राय ही धान्यं जन्मभर बंद, अगदी कणभरसुद्धा चालत नाहीत, आणि कणीक मळताना पीठ उडतंच. म्हणून घरात गहू नाही.

इथवर मला पटलं. मी म्हटलं, मग ज्वारी आहे की! मोठ्या हौसेनं कळण्याची भाकरी केली, बरोबर ठेचा. बाईंनी विचारलं, यात काय? ज्वारी आणि उडीद, मी सांगितलं. त्यांनी ताट हळूच माझ्याकडे सरकवलं. कारण गहू डॉक्टरनं बंद केला, पण बाकीची सगळी धान्यं त्यांनी आपणहून सोडलीत, आणि डाळीही. माझ्या एकाच भाकरीत दोन्ही निघालं. भात नाही, मका नाही. मी भगर सुचवली, तीही नाही. शेंगदाणासुद्धा नाही, कारण तो शेंगेतला, म्हणजे डाळीच्याच कुळातला. उपास म्हणावा तर अंडी-मासे चालतात. एकादशी नाही, नवस नाही, कुणा देवाला बोललेलं नाही. आणि असं करणाऱ्या त्या एकट्या नाहीत, दुकानात अशा बिनधान्याच्या बिस्किटांची अख्खी मांडणी असते. आपल्याकडे धान्य सोडलं की निदान पुण्य तरी लागतं, इथे कशासाठी सोडतात ते मला अजून उमगलेलं नाही.

मग खातात काय? बदामाचं पीठ. हसू नकोस. जगातले बहुतेक बदाम या कॅलिफोर्नियातच पिकतात, आणि आमच्या गावाबाहेर मैलोगणती बागाच आहेत. आत्ता झाडावर बदामाची हिरवी लवदार साल तडकायला लागलीय, कापसाचं बोंड उकलतं तशी. ऑगस्टमध्ये यंत्र खोडाला धरून झाड गदागदा हलवतं, बदाम खाली पडतात आणि तिथेच उन्हात वाळतात. आपण दहावीच्या परीक्षेला रोज पाच भिजवून सोलून दिलेले बदाम खाल्ले. इथे एका ताटलीभर खाऱ्या बिस्किटांना पावणेदोनशे बदामांचं पीठ लागतं.

ही खारी बिस्किटं, इथे क्रॅकर म्हणतात, आता मी करतो. डब्यात तीच आहेत. पहिल्यांदा पीठ घरीच मिक्सरवर काढायला गेलो, जरा जास्त फिरवलं तर तेल सुटून गोळा झाला, शेंगदाण्याच्या कुटाचा होतो तसाच. आता सोललेल्या बदामांचं बारीक पीठ विकतच आणतो. दोन वाट्या पिठाला एका अंड्याचा पांढरा बलक, मीठ, ओवा, तीळ, चमचाभर तेल. अप्पांसाठी बलकाऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवून घातली, ती चिकट होते आणि काम भागतं. पाणी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. तार नसल्यामुळे नुसत्या लाटण्यानं गोळा फुटतो, म्हणून दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटायचा. कापायचं आधी, कच्चं असतानाच, नंतर नुसता चुरा होतो. ओव्हन 325 वर. घाबरू नकोस, ते फॅरेनहाइट, आपल्या हिशेबानं 160-165.

आणि इथेच माझे पहिले तीन घाणे वाया गेले. कडा पातळ, त्या बाराव्या मिनिटाला तांबूस होतात, मधले अजून पांढरेच. बदामात निम्मं तेल, डोळा चुकला की करपलंच. आता कडेचे आधी काढतो, मधले परत आत सारतो. बाहेर काढल्यावर ते मऊच लागतात, मग मी अजून भाजायचो आणि कडू करून ठेवायचो. गार झाल्यावर कुरकुरीत होतात हे फार उशिरा कळलं. आता ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवतो आणि त्यांना आतच सोडतो. गच्चीवर वाळत घातलेले आजीचे ज्वारीचे बिबडे धोतरावरून सोडवायची घाई केली की ती हातावर मारायची, ते तेव्हा आठवलं.

स्वस्त पडावं म्हणून एकदा सूर्यफुलाच्या बियांचं पीठ घेतलं, त्यात खायचा सोडा घातला. दुसऱ्या दिवशी आतून हिरवीगार! बुरशी नव्हे, त्या बियांचा सोड्याशी संयोग झाला की असा रंग येतो. तरी बाईंनी टाकून दिली.

भाकरीही जमते, तिला इसबगोल लागतो. हो, अप्पांचाच, रात्रीच्या कोमट पाण्यातला. बदामाच्या पिठात तो घालून दहा मिनिटं ठेवला की गोळ्याला जरा चिवटपणा येतो, तव्यावर उलटता येते. चव? आई, भाकरी नाही ती. भरिताबरोबर खाल्ली आणि अर्धी ठेवली.

तू विचारलंस, दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करतोस का. करतो, आठवड्यातून दोनदा, तेवढं भाडं कमी होतं. एकट्या म्हाताऱ्या बाई आहेत, त्यात कमीपणा काय? अप्पांना यातलं सगळंच सांगायला हवं असं नाही.

आता पैशांचं. तीन लाख पाठवलेत, सोमवारपर्यंत खात्यात दिसतील. सोनीच्या लग्नाच्या हॉलचा विसार देऊन टाका. शहाद्याच्या मंडळींना तुळशीच्या लग्नानंतरचीच तारीख हवी असेल तर धरा, मी तीन आठवडे येतो. सोनीच्या पोतेचं सोनं आत्ता घेऊ नका, पुढच्या महिन्यात अजून एक लाख येतील. पारोळ्याच्या मुलीशी दोनदा बोललो. बरी वाटली. स्वयंपाक येतो का, असं तिनंच मला विचारलं. पण तिकडे अजून हो म्हणू नकोस.

म्हणजे श्रावणात कानबाईच्या सणाला येणं होत नाही. रजा एकदाच मिळते. हे फोनवर सांगायचं होतं, तीन वेळा राहून गेलं. रोटांचे गहू मोजशील तेव्हा माझ्या नावाची मूठ घे, आणि माझ्या वाटचा रोट सोनीला दे. लग्न झालं की पुढच्या वर्षापासून तिला आपला रोट चालायचा नाही.

तुझा,
बापू

ता. क. डब्यात लाल चिठ्ठी लावलेल्या पुडीतल्या क्रॅकरांत आपला काळा मसाला घातलाय, बाईंना तीन दिवस ठसका होता. मऊ पडले तर तव्यावर अगदी मंद आचेवर ठेव, आणि गार झाल्याशिवाय खाऊ नकोस.