अक्का, हंड्यातल्या वाफेसाठी आणि प्रत्येक 'का'च्या उत्तरासाठी

प्रिय अक्का,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठं यायला नको, असं तुम्ही बजावलंय. ते पाळते. आभार मात्र उघडच मानणार. तुम्ही मला जे शिकवलंत ते वाचून आणखी चार घरांत धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबी, नीट यावी, असं मला मनापासून वाटतं.

माग विकल्यावर आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरातली मागची खोली रिकामीच होती. जाड भिंती, एकच खिडकी आणि फरशीला कायमची ओल. सूत तुटू नये म्हणून सासऱ्यांनी ती ओल जन्मभर जपली. आम्ही भाडेकरू शोधत होतो आणि ओल बघून प्रत्येकजण माघारी जात होता. तुम्ही आत आलात, भिंतीला तळवा लावलात आणि म्हणालात, "भाडेकरू कशाला? धिंगरी घाल की हितं."

धिंगरी वाढवतात पिंजरावर, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्यावर. त्या पिंजराचा प्रश्न तेव्हाच निघाला. येळ्ळूर-धामण्याच्या शिवारात भात पिकतं, पण तिथलं पिंजर आधी जनावरांना लागतं. शहरातल्या घरात ते साठवायचं कुठं, आणि आपल्याकडच्या पावसात ते बुरसल्याशिवाय राहतं थोडंच! काथ्याच्या भुशाची, म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणाऱ्या भुशाची, वीट मात्र कोरडी, दाबलेली, फडताळात वर्षभर राहणारी. मला वाटलं सुटलो एकदाचे. तुम्ही तिथंच थांबवलंत. नुसत्या काथ्यावर पीक बेताचं येईल, हे आधीच स्पष्ट सांगितलंत. त्यात नत्र फार कमी, कर्ब-नत्राचं प्रमाण शंभरास एकच्या आसपास, आणि लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा भाग, भरपूर. धिंगरी ते खाते, पण सावकाश. केरळात कलवूरच्या केंद्रीय काथ्या संशोधन संस्थेनं काथ्याचा भुसा कुजवायला 'पिथप्लस' म्हणून जे बियाणं काढलंय, त्यातली बुरशी धिंगरीच्याच जातीची आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. म्हणून निम्मा काथ्या आणि निम्मं कापलेलं पिंजर. एवढं पिंजर आमच्या माळ्यावर मावतं.

विकणारा कधी असं सांगत नाही, अक्का. काथ्याच्या विटा विकणारे काथ्याचे गुण सांगतात, पिंजरवाले पिंजराचे. तुम्हाला काही विकायचं नव्हतं.

मग धुणं. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात टाकली तर चार लिटरभर पाणी पिऊन टब भरून फुगली. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघालं. मी रंगाकडं बघत होते. तुम्ही सांगितलंत की रंगानं काही बिघडत नाही, मीठ जायला पाहिजे. जुन्या पद्धतीत नारळाची सोडणं महिनोन्महिने खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजवतात, आणि मुळात सोडणातही पोटॅश आणि मीठ असतंच. ते खारेपण बुरशीला सोसत नाही. म्हणून पाणी बदलून पुन्हा भिजवायचं, पुन्हा गाळायचं. सासऱ्यांच्या जुन्या धोतरात भुसा बांधून तुम्ही एक टोक धरलंत, मी दुसरं, आणि आपण दोघींनी तो पिळला.

त्यानंतरची मूठ मी कधी विसरणार नाही. तुम्ही माझ्या हातात ओला भुसा ठेवलात. "आवळ बघू. अजून आवळ." बोटांच्या फटींतून दोन-चार थेंब पडले. "बास, एवढंच पाणी." धार लागली तर अजून पिळायचं, एकही थेंब नाही आला तर शिंपडायचं. तेही नुसतं सांगून सोडलं नाहीत. पाणी जास्त झालं की भुशात हवा उरत नाही, हवा नसली की आंबवणारे जिवाणू माजतात आणि पिशवीच्या तळाशी आंबूस वास येतो. आजही मी वजनकाटा बाजूला ठेवून आधी मूठच आवळते. तोच भुसा पावसाळ्यात वेगळा वागतो आणि डिसेंबरात वेगळा, ते हाताला लगेच कळतं.

वाफेचं काम आमच्या न्हाणीतल्या हंड्यात झालं. तळाशी दोन विटा, त्यांच्यावर चाळण, खाली चार बोटं पाणी, चाळणीवर भुसा आणि पिंजर भरलेलं गोणपाट, वर सैल झाकण. शेजारच्या काकू बघायला आल्या, तर त्यांना कन्नडमधून आणि मला मराठीतून तुम्ही एका दमात समजावलंत. झाकणाच्या कडेनं वाफ आली की काम झालं, असं आम्हा दोघींना वाटलं होतं. पण काथ्या उष्णता आत चटकन जाऊ देत नाही. कडा चटके देत असतात तेव्हाही मधला गाभा कोमटच असतो. तुम्ही लांब दांडीचा थर्मामीटर थेट मध्यात खुपसलात. तिथं ६५ अंश सेल्सिअस दिसल्यावर मग घड्याळ लावायचं. तिथून दीड तास, आणि ८० च्या वर जाऊ द्यायचं नाही. जाळ कमी-जास्त करायला तुम्ही चुलीपुढनं हलला नाहीत.

इतक्या जपून का तापवायचं, खळखळून उकळलं तर जास्त शुद्ध नाही का होणार, असं मी विचारलं. तुमचं उत्तर मी आता सगळ्यांना सांगते. सगळंच मारलं तर रान मोकळं होतं, आणि मोकळ्या रानात जो बीजाणू, म्हणजे बुरशीचं हवेतलं बी, पहिला उतरेल त्याचं राज्य. बहुतेक वेळा ती हिरवी बुरशीच असते. ६५ ते ८० च्या मधे बहुतेक उपद्रवी मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू तगतात, आणि तेच हिरव्या बुरशीला जागा देत नाहीत. काथ्यात सहज खाता येण्याजोगी साखर फारशी नसते, म्हणून तिला तिथं खायलाही थोडंच असतं. काथ्याचं पोषण कमी असण्याचा फायदा तो हा. उत्पन्न वाढवायला कोंडा मिसळला तर मात्र हंडा पुरत नाही. मग कुकरच पाहिजे, १५ पौंड दाबाखाली, १२१ अंशांवर.

पिंजर फॉर्मालीन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात अठरा तास बुडवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. स्वस्त आहे, जळण लागत नाही. तुम्ही ती माझ्यापासून लपवली नाहीत, पण लेकराबाळांच्या घरात फॉर्मालीनची बाटली नको, असं ठाम सांगितलंत. मला ते शंभर टक्के पटलं. थोडं जळण लागतं, लागू दे.

बियाण्याचं सांगायचं तर ते म्हणजे धिंगरीची बुरशी वाढवलेले जोंधळ्याचे दाणे. ते पांढरे दिसत होते, एकमेकांना धरून बसलेले. भुसा ३० अंशांच्या खाली आल्याशिवाय तुम्ही पुडा फोडू दिला नाहीत. रात्रभर हंडा झाकूनच ठेवला आणि सकाळी हात धुऊन पिशवीत भुशाचे आणि बियाण्याचे थर दिले, किलोभर ओल्या भुशाला ३० ते ५० ग्रॅम बियाणं. खिडकीला ओलं गोणपाट लावणं, कोंब दिसल्यावर दिवसातनं हवा खेळवणं, टोपीची कड वर वळायच्या आत तोडणं, हे सगळं तुम्ही फोनवरून करून घेतलंत. तोडताना तोंडाला फडकं बांध, हे तर प्रत्येक फोनला. धिंगरीचे बीजाणू छातीत जाऊन खोकला धरतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

आमच्या घरी अळंबी म्हणजे पावसाळ्यात खानापूरच्या बाजूनं येणारी, वारुळावरची. ती वाळवीच्या आधारानंच येते, घरात लावता येत नाही, आणि ओळखणारं माणूस असल्याशिवाय रानातली खाऊ नये. सासूबाईंना धिंगरीची चव तिच्या जवळपासचीही वाटत नाही, तसं त्या बोलून दाखवतात. पण खोबरं-लसणाच्या वाटणातला रस्सा केला की ताटात काही उरत नाही. जास्तीची धिंगरी गल्लीतच जाते, बाजारात न्यावी लागत नाही. खोलीचं भाडं आलं असतं त्याहून हे पैसे कमी आहेत. तरी खोली माझ्या हातात आहे आणि रोज सकाळी तिथं मला काम आहे, हे मला भाड्याहून मोठं वाटतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. बसचं तिकीटसुद्धा देऊ दिलं नाहीत. ओटी भरली तेवढी घेतलीत. तेव्हा भीड पडली आणि नीट काही बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे. अक्का, तुमचे मनापासून आभार. दिलेल्या वेळेचे, आणि माझ्या प्रत्येक 'का'ला उत्तर दिलंत त्याचे.

शेजारच्या काकूंनी हंडा घासून ठेवलाय. त्यांची पहिली पिशवी मीच भरून देणार आहे. उन्हाळ्यात मला दुधी अळंबी घालायचीय, तिला उकाडा सोसतो. तिच्यावर जो ओला थर द्यायचा त्याला धुतलेला काथ्या चांगला, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यात चुनखडी किती घालायची, ते तेवढं फोनवर सांगा. आणि गुढीपाडव्याच्या आधी एकदा येऊन जा. येताना सूनबाईंना पण घेऊन या, मुक्कामालाच या.

तुमची,
शहापूरची धाकटी बहीण