वाफसा आल्याशिवाय लागवड नाही

डब्लिन, 16 मार्च

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मार्च अर्धा सरला, अजून लागवड कशी नाही?" आणि मागून आई म्हणाली, "बटाटा तरी टाकून दे, त्याला काय लागतंय?" फोनवर नीट सांगणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मी मुद्दाम थांबलेय. कारण तुमच्याच शेतातलं आहे: जमिनीला वाफसा नाही, म्हणजे जादा ओल निघून माती भुसभुशीत झालेली नाही.

उद्या इथे सेंट पॅट्रिक्स डे. जुनी माणसं त्या सुमारास पहिला बटाटा लावतात. काही घरांत गुड फ्रायडेचा मुहूर्त धरतात. पण गुड फ्रायडे 20 मार्चलाही येतो आणि 23 एप्रिललाही, म्हणजे जवळजवळ पाच आठवड्यांचा फरक. अशा तारखेवर बेणं कसं सोपवायचं? मृग लागला, पहिला पाऊस पडला, सगळी आळी पेरायला निघाली, तरी तुम्ही बांधावर बसून माती चाचपायचात. मी तेच करतेय.

आमच्या वाट्याचा तुकडा चिकण मातीचा आहे. हिवाळाभर रिपरिप चालू असते आणि ऊन इतकं तिरपं की जमीन वाळतच नाही. काल खुरप्याने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबली. बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटले, आणि कमरेच्या उंचीवरून सोडलेला लाडू फुटला नाही, नुसता चपटा झाला. अशा मातीत पाय ठेवला तरी ती दबते, मग उन्हाळ्यात तिचे दगडासारखे ढेप होतात. म्हणून मी वाफ्यात पाऊलही टाकत नाही; जायचंच झालं तर फळी टाकून तिच्यावर उभी राहते.

निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा किती उतरतो ते. पण ती थंडी कोरडी, आणि दुपारी ऊन लागलं की जमीन परत तापते. इथला गारठा ओला असतो. ओल्या मातीला ऊब धरायला फार वेळ लागतो. मी सकाळी मातीत थर्मामीटर खुपसून बघते, 10 सेंटिमीटर खोल. काल 6 अंश होतं. बटाट्याला निदान 7-8 अंश हवेत, तेही सलग आठवडाभर टिकलेले. त्याखाली तो नुसता पडून राहतो, आणि पाण्यात पडून राहिलेलं बेणं सडतं. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांनी फेब्रुवारीच्या शेवटी घाई केली होती. त्यांनी मला एक बटाटा उकरून दाखवला: साल अगदी धड, बोट लावलं तर आत पांढरी लापशी, आणि असा वास की हात दोनदा धुवावा लागला.

आई, आता तुझा प्रश्न. तुझ्या माहेरी सातगाव पठारावर पावसाळ्यातच बटाटा लावतात, मग इथे ओलीचं एवढं काय, असं तुला वाटत असणार. पण तिथली जमीन निचऱ्याची आणि मुख्य म्हणजे उबदार. बेणं लगेच कोंबारतं, सडायला सवड मिळत नाही. तुम्ही विळ्याने डोळे बघून फोडी करायचात, त्या उबेत फोडीची जखम दोन-चार दिवसांत सुकून तिच्यावर साल धरते. थंड मातीत जखम भरतच नाही आणि कूज तिथूनच शिरते. म्हणून इथे अख्खं बेणं लावायचं, कोंबडीच्या अंड्याएवढं. फोडी अजिबात नाहीत.

थांबले असले तरी वेळ वाया जात नाहीये. बेणं अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्या टोकाला डोळे दाटीने असतात ते वर करून, खिडकीत ठेवलंय. थंड पण उजेडाची जागा लागते. अंधारात कोंब पांढरे, लांब आणि ठिसूळ होतात. उजेडात आखूड, जाड आणि जांभळे. असे दोन-तीन सेंटिमीटरचे कोंब आले की ते बेणं नंतर लावूनही पुढे निघतं. वाफ्यावर काळं प्लास्टिक अंथरलंय, त्याने पाऊस अडतो आणि थोडी ऊबही धरते. माती भुसभुशीत झाली की 12 सेंटिमीटर खोल, दोन बटाट्यांत फूटभर अंतर, दोन सऱ्यांत दोन फूट. माझा अंदाज एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याचा आहे. मेच्या मध्यापर्यंत इथे दहिवर गोठतं, त्यामुळे पाला वर आला की बुंध्याशी मातीची भर लावत राहायचं, आणि एखादी रात्र फार गार असली तर क्रॉप कव्हर टाकायचं.

यापेक्षा जास्त उशीर मात्र नको, कारण करपा, पानं करपवून पीक घालवणारा रोग. 1845 साली याच देशात बटाटा ज्या करप्याने गेला आणि पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली, तोच हा करपा, गिरणाऱ्याच्या टोमॅटोवर येतो तो. इथलं हवामान खातं अजूनही उन्हाळ्यात करप्याचा इशारा देतं. म्हणून मी लवकर येणारं वाण घेतलंय. जुलैत काढून मोकळं व्हायचं.

बाबा, कांद्याचं गणित वेगळं आहे, आणि ते तुम्हाला आवडेल. बटाट्याला थांबवता येतं, कांद्याला फार थांबवता येत नाही. आपला कांदा 11-12 तासांच्या दिवसावर पोसतो. इथल्या वाणांना 14 ते 16 तास लागतात. जूनमध्ये इथे दिवस 17 तासांचा होतो. तो मोठा दिवस आला की पात वाढायची थांबते आणि रोपाचा जोर खाली गड्ड्यात जातो. तोवर जेवढी पात झाली असेल तेवढाच कांदा. लागवड मेवर गेली तर गोल्टीच, म्हणजे बारका कांदाच, हाती येणार. म्हणूनच आई, घरचं बी पाठवायचं मनात आणू नकोस. एक तर रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय ते आणता येत नाही. आणि इथे मार्चअखेरीसच दिवस 12 तासांवर जातो, त्यामुळे आपलं रोप चार पातींचं असतानाच गड्डा धरायला बसेल.

इथे बरेच जण बियाऐवजी बोराएवढे छोटे कांदे लावतात. पण हे बारके कांदे एकदा वाढीला लागले आणि मग गारठा बसला की डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात, अगदी आपल्याकडे येतात तसे. जेवढा बी-कांदा मोठा तेवढा धोका जास्त. म्हणून दोन सेंटिमीटरच्या आतले वेचून घेतलेत, आणि तेही हिवाळाभर उबेत ठेवलेले, ज्यांच्यातला फुलाचा कोंब आधीच मारलेला असतो. आता माती तयार नाही आणि दिवस तर वाढत चाललेत, यावर मी मधली वाट काढली. टोमॅटोची रोपं करतात तसल्या प्रो-ट्रेमध्ये एकेक कांदा शेडमध्ये लावून टाकलाय. पांढरी मुळं खाली दिसायला लागलीत. वाफसा आला की मातीच्या गोळ्यासकट उचलून गादीवाफ्यावर. गादीवाफे वीतभर उंच केलेत, तेवढ्यानेही पाणी निघून जातं. अंतर बोटभर जास्त ठेवणार आहे, 10 ऐवजी 12 सेंटिमीटर, कारण दाटीत ओल साठते. तुमचं काय मत?

तिकडे उन्हाळ कांदा पोसत असेल. शेवटचं पाणी कधी तोडणार? मार्चात गारपिटीचा भरवसा नसतो, तर काढलेला माल शेतात पडू देऊ नका, दादाला सांगून कांदाचाळीची डागडुजी आधीच करून घ्या. आणि बाबा, गुडघ्यांचं मनावर घ्या. ओल्या वाफ्यात उकिडवं बसणं आता तुमच्यासाठी नाही. बांधावर खुर्ची टाकून दादाला सांगत राहिलात तरी काम चोख होतं, हे मी स्वतः पाहिलंय. आई, बाबा ऐकत नसतील तर मला फोन कर.

तुमचे व्हिसाचे कागद या आठवड्यात पाठवते. जूनचं तिकीट बघतेय. तेव्हा बटाट्याची दुसरी भर आणि कांद्याची खुरपणी चालू असेल, आणि कुठल्या ओळीत काय चुकतंय ते तुम्ही दोघांनी मला उभ्या उभ्या सांगायचं आहे. अंतराचं तेवढं लवकर कळवा, रोपं उचलायच्या आत.

तुमची,
लेक