प्रकल्पात मस्टरचं पान चालेल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात 'जलप्रदूषण' किंवा 'दुष्काळ' म्हटलं की वीस पानांचा तयार प्रकल्प हातात पडतो. प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, शेवटी ऋणनिर्देश. हल्ली दुकानापर्यंतही जावं लागत नाही, मोबाइल ते मिनिटात काढून देतो. मुलं तो सुवाच्य अक्षरात उतरवतात, समासाला स्केचपेननं वेलबुट्टी काढतात आणि आम्ही शिक्षक गुण देतो. ते वेलबुट्टीचेच म्हणायचे, कारण मुलाचं स्वतःचं त्यात तेवढंच असतं.

गेल्या वर्षी नववीला मी १९७२चा दुष्काळ हा विषय दिला आणि प्रत्येकाला त्या काळातले चार कागद तयार करायला सांगितले. पत्र, रोजनिशी, बातमी, दवंडी, ओव्या, हिशेबाची वही, काहीही चालेल. अट एकच घातली : कागदाच्या मागच्या बाजूला 'हे मला कुठून कळलं' ते लिहायचं.

एका मुलीनं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाईची रोजनिशी लिहिली. त्यात बाई दुपारी झाडाखाली बसून बाजरीची भाकरी खाते. आजीला वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "बाजरी असती तर खडी फोडाया कशाला गेलो असतो?" मग गोष्टीतून गोष्ट निघत गेली. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी निघाली, कामावर खायला वाटली जाणारी सुकडी निघाली, खडीचा ढीग मोजताना मुकादमाशी होणारी भांडणं निघाली. आणि शेवटी आजीनं विचारलं, "मला लिवता कुठं येत हुतं? डायरी कशाची लिवती मी?" पोरगी दोन दिवस अडून बसली. मग रोजनिशी फाडून तिनं सगळा मजकूर ओव्यांत घातला, कारण आजीजवळ ओव्या होत्या. कोणतं माणूस कोणत्या प्रकारात बोलेल हे शोधणं हेसुद्धा संशोधनच, हे मला त्या आजीमुळे कळलं. बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

एकानं मस्टरचं, म्हणजे दुष्काळी कामावरच्या हजेरीपटाचं, पान केलं. नावं, हजेरी, मजुरी आणि सहीच्या रकान्यात शाईचे अंगठे. (सगळे त्याच्या एकट्याच्याच अंगठ्याचे, ते सोडा.) त्याचे वडील भेटायला आले, "सर, ह्यात लिहिलंय कुठं?" पण ते रकाने भरायला मजुरी रोजावर होती की मापावर, पगार किती दिवसांनी व्हायचा, एका घरातून किती जण जायचे, हे त्याला चार म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडावं लागलं होतं. तयार प्रकल्पात 'दुष्काळामुळे लोकांचे अतोनात हाल झाले' एवढ्यावर भागतं.

सगळंच साधलं असं नाही. दोघांनी मंत्र्यांच्या गावभेटीची झकास बातमी केली होती. मागच्या बाजूला फक्त 'कल्पनेने'. ती परत दिली.

एकच विषय असा वेगवेगळ्या लेखनप्रकारांतून मांडण्याचा अमेरिकेत टॉम रोमानो या लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी बराच प्रसार केला आहे, पण आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. जोतीराव फुले यांनी १८५५मध्ये नाटक लिहिलं, १८६९मध्ये शिवरायांचा पोवाडा रचला, १८७३मध्ये 'गुलामगिरी' धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात मांडली, १८८२मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे रीतसर निवेदन दिलं, वर अभंगांसारखे अखंड रचले. बहुजनांच्या अज्ञानाचं आणि नाडवणुकीचं दुखणं ते आयुष्यभर मांडत राहिले, पण आयोगाला पोवाडा ऐकवला नाही आणि शेतकऱ्यापुढे निवेदन वाचलं नाही.

दहावीच्या मराठीत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, बातमी, जाहिरात, आत्मकथन मुलं घोटून घोटून शिकतात. ते आत्मकथन मात्र फाटक्या पुस्तकाचं नाहीतर शाळेच्या घंटेचं! तिकडे इतिहासाचा आणि जलसुरक्षेचा प्रकल्प वेगळ्या वहीत, वेगळ्या शिक्षकाकडे. मराठीच्या आणि त्या विषयाच्या शिक्षकांनी एकच प्रकल्प मिळून तपासावा, त्याला दोन्हीकडे गुण द्यावेत, एवढी मुभा मुख्याध्यापकांनी दिली तरी पुष्कळ होईल. कागदाच्या मागच्या बाजूला निम्मे गुण ठेवावेत, म्हणजे दुकानदाराचा आणि मोबाइलचा प्रश्न आपोआप सुटेल.

७२ साली कामावर गेलेली माणसं आता सत्तरीपुढची आहेत. आमच्या मुलांनी ज्यांना विचारलं, त्यांतले दोघे या उन्हाळ्यात गेले. ज्या शाळांना हे करून पाहायचं असेल त्यांनी पुढच्या जूनची वाट पाहू नये, दिवाळीच्या सुट्टीतच मुलांना वही देऊन घरोघर पाठवावं.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, ता. बार्शी, जि. सोलापूर