सिस्टर, आईच्या पायासाठी तुमचे आभार

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार, आणि तुमच्या रीतीप्रमाणे सलाम.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात तुमच्या वॉर्डातून इतके पेशंट आले नि गेले असतील, की आमची ओळख तुम्हाला राहिली असेल असं नाही. ढालगावच्या पुढच्या एका खेड्यातली, गळ्यात तुळशीची माळ असलेली, डाव्या तळपायाची जखम चिघळलेली बाई. मी तिचा मुलगा. तेव्हा पंढरपूरची गाडी अजून अरुंद रुळांवरून धावायची आणि आमच्याकडची माणसं दुखणं हाताबाहेर गेलं की तीच गाडी धरून मिरजेला यायची. आई आता नाही. पण गेली ती दोन्ही पायांनिशी गेली. तुमचं नाव छापणं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

तिच्या चपलेचा खिळा वर आला होता. तो तळव्यात रुतत होता आणि तिला पत्ताच नव्हता. शेणानं सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा घरात शोधाशोध झाली की कुणाला लागलंय. साखर वाढलेली आहे हेही तेव्हाच कळलं. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी सांगितलं, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. आई त्या दिवसापासून जेवेना. पाय गेला तर वारी गेली, असं तिचं सरळ गणित होतं.

मिशनमध्ये न्यायचं म्हटल्यावर भावकीतले एकदोघे म्हणाले, तिथं बाटवतात. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण असं बोलणारे आजही आहेत. डॉ. विल्यम वानलेस कॅनडातून इकडे आले ते मिशनरी म्हणूनच, आणि 1894 साली मिरजेत त्यांनी हॉस्पिटल काढलं तेही ख्रिस्ताच्या नावानंच. ते कुणी लपवलेलं नाही. पण आमच्या आईला तिथं कुणी जात विचारली नाही, देव विचारला नाही. तुम्ही विचारलंत ते एवढंच, की मी प्रार्थना केली तर चालेल का. आई म्हणाली, कर बाई. तुम्ही डोळे मिटून पुटपुटत होता आणि ती हरिपाठ म्हणत होती. दोघींचं एकाच वेळी चाललं होतं आणि कुणाचं कुणाला आड येत नव्हतं.

त्या जखमेचा वास मी मुलगा असून मला सोसवत नव्हता. घरी पट्टी बदलताना मी तोंड फिरवायचो. तुम्ही खाली स्टूल घ्यायचा, तिचा पाय आपल्या मांडीजवळ ओढायचा, चिकटलेलं गॉज सलाईननं भिजवून सावकाश सोडवायचा. ओढून काढलेलं कधी पाहिलं नाही. आईला त्या पायात संवेदनाच नव्हती, म्हणजे ओढलं असतं तरी ती ओरडली नसती. तरी तुम्ही घाई केली नाहीत. मेलेली कातडी कडेकडेनं काढायची, आत कुठवर गेलंय ते बघायचं, मग नवी पट्टी. तोंडावर कधी आठी नाही.

आईला मात्र भारी संकोच वाटायचा. पू वाहणाऱ्या पायाला दुसऱ्याची लेक हात लावते, म्हणून ती डोळे पुसायची. पट्टी झाली की वाकून तुमच्या पायांना हात लावायला बघायची. पहिल्यांदा तुम्ही दचकून मागं सरलात. वारकऱ्यांत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, हे मी सांगितल्यावर तुम्हीही वाकलात आणि त्या बांधलेल्या पायाला हात लावलात. मग म्हणालात, शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आम्हाला तर तशी आज्ञाच आहे. आणि आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असंही त्यानं सांगून ठेवलंय, म्हणून यात उपकार काही नाहीत. आईला हे लगेच पटलं. मला पटायला पुढची बरीच वर्षं लागली. सेवा करणारा वर आणि घेणारा खाली, हा हिशोबच तुमच्याकडे नव्हता.

श्रद्धेइतकंच तुमच्या कामातलं ज्ञानही मला मोठं वाटतं. पाय का बिघडला हे तुम्ही आम्हाला समजावून दिलंत, आणि हे शहाणपण कुष्ठरोग्यांच्या वॉर्डातून आलंय असंही सांगितलंत. पुढं मी त्याबद्दल वाचलं. डॉ. पॉल ब्रँड मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि 1946 पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असंच तोवर मानलं जात होतं. त्यांनी रोग्यांच्या हातापायांकडे दिवसेंदिवस बारकाईनं पाहिलं आणि दाखवून दिलं की मांस आपण होऊन सडत नाही. बधिर झालेल्या अवयवाला भाजतं, कापतं, टोचतं आणि माणसाला कळत नाही, म्हणून तो झिजत जातो. दुखणं ही राखण आहे. ती गेली की डोळ्यांनी राखण करावी लागते. त्या कामातूनच मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आल्या. पुढं अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथं ब्रँड यांनी हेच ज्ञान मधुमेहानं बधिर झालेल्या पायांसाठी वापरलं. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं, त्यांच्या पायांवर कुणीतरी एवढी वर्षं घालवली म्हणून माझ्या आईचा पाय वाचला, हे वाचताना मला गलबलून आलं.

तुम्ही शिकवलेलं सगळं घरात पाळलं गेलं. रोज रात्री आरसा खाली धरून तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. टाचेला खोबरेल लावायचं, बेचकीत नाही. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवून बघायचा. चप्पल झटकून, आत हात फिरवून मगच घालायची. इन्सुलिनची बाटली चाळीस युनिटची असेल तर सिरिंजही चाळीस युनिटचीच, हे तर तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलंत. अनवाणी एक पाऊलही नाही म्हटल्यावर आई रडवेली झाली, देवळात कशी जाऊ म्हणून. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, देऊळ बंद. तुम्ही म्हणालात, जाडे सुती मोजे घाला आणि फरशी तापायच्या आत पहाटे जा. तिच्या विठोबाची एवढी काळजी एका ख्रिस्ती बाईनं घेतली, हे ती येईल त्याला सांगायची.

आणि बिल. बायबलात लूकच्या शुभवर्तमानातल्या शोमरोन्याची, म्हणजे परक्या जमातीतल्या एका वाटसरूची, गोष्ट मी नंतर वाचली. वाटेवर पडलेल्या परक्या माणसाच्या जखमांना तेल लावून, पट्ट्या बांधून तो थांबत नाही; त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि सकाळी निघताना मालकाच्या हातावर पैसे ठेवून म्हणतो, जास्त लागलं तर परत येताना देईन. गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात खरा वाटतो, कारण दया आली तरी खर्च कुणीतरी उचलावाच लागतो. माझ्याजवळ पुरेसे पैसे नाहीत हे तुम्ही ओळखलंत, ऑफिसात स्वतः गेलात आणि बिल कमी करून आणलंत. त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाहीत.

एक बोलायचं राहून गेलंय. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची म्हणून आमच्यासारख्या घरांतून मुलींना नर्सिंगला पाठवत नव्हते, त्या काळात मिरज, अहमदनगर, सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांतल्या मुली आणि केरळातून आलेल्या मुली हे काम करत होत्या. आम्ही त्यांना सिस्टर म्हणालो आणि पाठीमागं हलकं बोललो. ते चुकीचं होतं. महाराष्ट्रानं या बायांचे जाहीर आभार अजून नीट मानलेले नाहीत.

माझी धाकटी सून आता नर्सिंग शिकतेय. आईच्या हयातीत असतं तर तिनंच तिची फी भरली असती. शेजारच्या दोन घरांत साखरेचे पेशंट आहेत. त्यांचे पाय बघायला माझी बायको जाते, आरसा घेऊन.

तुमच्या ओळखीच्या कुणाच्या हाती हे पत्र पडलं आणि तुमच्यापर्यंत पोचलं, तर तुमचा निरोप तेवढा पाठवा. सांगोल्याची डाळिंबं घेऊन आम्ही सगळे तुम्हाला भेटायला येऊ.

आपला नम्र,
तुमच्या वॉर्डातल्या माळकरी आजींचा मुलगा